सगळ्यांचे हात हिरवे

करावे गावातल्या एका लग्नात मी मांडवातल्या झाडून सगळ्या बायकांना एकसारख्या हिरव्या बांगड्या भरल्या, आणि त्यापायी हळद अडकली.

लग्नात कासारानं हिरव्या बांगड्या भरल्या यात चूक ती काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. मांडवाच्या मेढीला टेकून, कौतुकानं माझेच भरलेले चुडे बघत, अगदी तेच म्हणत उभा होतो. पुरती चूक कळायला मला दुसरी सकाळ उजाडावी लागली, आणि तीसुद्धा एका बाईनं चारचौघांत समजावून दिली तेव्हा.

आधी थोडं धंद्याविषयी. हल्ली बांगड्या खोक्यातून मिळतात आणि बायका त्या आरशासमोर उभ्या राहून स्वतःच चढवतात. त्यामुळे कासार म्हणजे नेमकं काय करणारा माणूस, हे नव्या सोसायट्यांतल्या वाचकांना सांगायला हवं. पन्नास-साठच्या सालांत आमचा बेलापूरच्या बाजारात एक ओटा होता. त्याला आम्ही दुकान म्हणत असू. बाजाराचा दिवस सोडला तर ओट्यावर वडील बसत आणि मी गावं फिरे. खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, पाठीला पडशी, आणि खाडीच्या बांधावरून पायपीट. बांधावर तोल गेला की उजवीकडे भातखाचर आणि डावीकडे चिखल. मी दोन्हीकडे पडलेलो आहे. चिखल बरा, बांगड्या कमी फुटतात.

बांगडी भरणं ही हाताशी केलेली गोड लबाडी असते. माप मनगटाचं नसतं, पंजाचं असतं. साबणाचं पाणी लावायचं, अंगठ्याच्या मुळाचं हाड हलकेच आत दाबून पंजा निमुळता करायचा, आणि बाईला कळायच्या आत बांगडी पलीकडे. तिनं भिऊन हात ताठ केला की काच फुटते, आणि भरताना फुटलेली बांगडी कासाराच्या नशिबी. म्हणून कासार बोलतो. सासूचं विचारतो, म्हशीचं विचारतो, नणदेचं जमलं का विचारतो. बोलता बोलता हात सैल पडतो. माझी बडबड ही अशी धंद्यातून आलेली आहे. घरच्या मंडळींचं म्हणणं, धंदाच बडबडीतून आला.

दुसरी गोष्ट नजरेची. परक्या बायकांचा हात हातात घेऊन बसणारा पुरुष गावोगाव चालतो, कारण त्याची नजर कुठं असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. वडिलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नजर मनगटावर. मनगटाच्या वर गेली की त्या गावातून पाय जातील." मी हा उपदेश इतका मनावर घेतला की पंचक्रोशीतली मनगटं मला पाठ झाली आणि तोंडं एकही नाही. कुणाच्या हाताला मिठागरातल्या भेगा, कुणाचं बोट कोयत्यानं आखूड झालेलं, कुणाचं गोंदण मनगटाच्या आतल्या बाजूला विटलेलं, सगळं ठाऊक. पण तीच बाई बाजारात समोर येऊन "काय कासारमामा" म्हणाली की मी खाली तिच्या हाताकडे बघायचो आणि मग नमस्कार करायचो. मुलगी बघायला गेलो तेव्हाही मी फक्त मनगट पाहिलं होतं. अंतरपाट दूर झाल्यावर मी मुलीकडे नीट पाहिलं आणि ती माझ्याकडे. दोघांनाही थोडा धक्का बसला, पण आता माणसं जमली होती.

चुका म्हणाल तर पुष्कळ. धंद्यात नवा असताना एका कोळणीचा डावा हात भरून झाल्यावर मी उजवा हात मागितला. तिनं माझ्या तोंडासमोर तो मागं घेतला आणि विचारलं, "दर्यावर तू जातंस काय?" कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या नवऱ्याला सांभाळ म्हणून दर्याला दिलेल्या असतात, त्या हातात काच घालायची नसते. हे कासाराच्या पोराला माहीत नसावं याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिनं मला घरात बसवून चहा पाजला.

पण गोमीआयची गोष्ट वेगळी, आणि ती सांगायलाच मी बसलोय.

गोमीआय करावे गावची धवलारीण. आगरी लग्नात धवलारणीला काय मान असतो ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. हळदीपासून वरात जाईपर्यंत प्रत्येक विधीला तिची गाणी, त्यांना धवले म्हणतात. भटजी उशिरा आला तर लोक पान खात बसत. धवलारीण आल्याशिवाय मात्र हळदीचं भांडंसुद्धा कुणी उघडत नसे. हळदीला जी बाई नवरीला हळद लावायला पुढं येते, तिचं नाव, तिचं नातं, तिचं माहेर धवलारणीनं त्याच क्षणी गाण्यात गुंफायचं. बाई तोंडातून शब्द काढत नाही, नुसती पुढं येते. नाव गाण्यात आलं की ती मानाची झाली. नाव चुकलं तर अपमान. आणि चुकून एखाद्या मेलेल्या बाईचं नाव निघालं तर त्या घरचे लोक दहा वर्षं बोलत नाहीत. गोमीआयच्या तोंडून नाव कधी चुकलं नव्हतं. तिच्या हाताखालून तीन पिढ्यांच्या नवऱ्या गेल्या होत्या.

ती विधवा, हात मोकळे, त्यामुळे कासाराशी तिचं काही काम नव्हतं. एकदा मी तिच्या दारावरून चाललो होतो, तर ओटीवरून हाक आली.

"ए कासारा, इकरं ये. तुना तोंडं ओलखतां येतान का रं?"

मला वाटलं, माझी फजिती गावभर पसरली. म्हटलं, "नाही आय. मनगटं ओळखतो."

"मंग तू माज्या कामाचा. बस."

तिनं सांगितलं ते असं. बरेच महिने झाले, माणसांच्या तोंडांची ओळख तिला लागत नव्हती. "नाक दिसतं, डोलं दिसतान, कुकू दिसतं. पन कुनाचं तोंड त्या कलत नाय. म्हावऱ्याच्या टोपलीत बोयटं कशी असतान, सगली बोयटंच, तशी." काल विहिरीवरून एक बाई घरात शिरली, तर हिनं विचारलं, तू कुनाची गो बाय. ती लक्षी होती, तिच्या मुलाची, पांडूची बायको. लक्षी हसली, तिला वाटलं सासूबाई थट्टा करतात. पांडू मिठागरावरून येतो तेव्हा तो खोकतो, खोकल्यावरून ती त्याला ओळखते. बाकी माणसं बोलली की आवाजावरून. पण हळदीला ढोल वाजत असताना, बायका मुकाट पुढं येत असताना, ओळखायचं कसं?

मी लगेच वैद्य झालो. आय, डोळे गेले, डोळ्यांत मध घाला, सकाळी हिरवळीवर अनवाणी चाला, असं बरंच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि खाडीकडे बोट केलं. "त्यो पल्यारचा मचवा दिसतो? त्याच्या शीराला ठिगल हाय, मलक्या कापराचं." मी डोळे ताणले. मला शिडाचं ठिगळ सोडा, मचवाही दिसला नाही.

मग मी तिला मुंबईला घेऊन गेलो. माल आणायला मला जायचंच होतं. पांडूला सांगितलं, आयचे डोळे दाखवून आणतो. एका मोठ्या इस्पितळात माझा एक मावसभाऊ कामाला होता, त्याच्या ओळखीनं एका डॉक्टरसमोर बसलो. डॉक्टर तरुण, परदेशात शिकून आलेला, मराठी जपून बोलणारा. त्यानं बराच वेळ तिची परीक्षा घेतली. सुईत दोरा ओवायला लावला, तिनं ओवला. भिंतीवर एका पुढाऱ्याची तसबीर होती, देशातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असलेली. हे कोण, म्हणून विचारलं. गोमीआय म्हणाली, "टोपी हाय, कोटाला फूल हाय. कुनाचा तरी व्याही असंल." मग डॉक्टर बाहेर गेला, पांढरा कोट काढून आला आणि गप्प समोर बसला. तो तोंड उघडेपर्यंत ती माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यो बरा वाटतो. मघाचा लय इचारत व्हता."

डॉक्टर हसला नाही. त्यानं मला बाजूला घेतलं.

"डोळे उत्तम आहेत त्यांचे. माझ्यापेक्षा चांगले."

"मग?"

"चेहरा डोळ्यांना दिसतो. तो कुणाचा, हे मेंदू सांगतो. मेंदूचा तेवढा भाग हळूहळू सुकत चालला आहे. हे वेड नव्हे. त्या हुशार आहेत, त्यांची गाणी त्यांना पाठ आहेत. पण हे थांबणार नाही. आज चेहरे, पुढं आवाज. त्याच्याही पुढं, समोरचं माणूस आपलं कोण, हेच राहणार नाही."

"औषध?"

"नाही." एवढंच म्हणाला. इतकं आखूड उत्तर मी जन्मात कुणाला दिलेलं नाही.

परतीच्या मचव्यात बसल्या बसल्या तिनं विचारलं, "काय बोलला त्यो?" मी गोल गोल बोलायला लागलो. वय, थंडी, देवाची इच्छा. तिनं माझा हात दाबला. मी निमूटपणे सगळं सांगितलं.

ती पाण्याकडे बघत होती. "म्हंजे मिठागरात पानी आटतं तसं."

"तसंच म्हणायचं."

"मंग मागं मीठ ऱ्हातं का काय?"

"ते डॉक्टर बोलले नाहीत, आय."

बेलापूरचं बंदर दिसायला लागलं तेव्हा ती पुन्हा बोलली. "मंजुलाचं लगीन माज्या तोंडून लागलं पायजे. मंग सगली तोंडं गेली तरी जाऊंदे." मंजुळा म्हणजे तिची नात, वारलेल्या लेकीची मुलगी. बापानं दुसरं लग्न केलं तेव्हा पोरगी आजीच्या ओटीवर आली आणि तिथंच वाढली. तिच्या लग्नाला अजून अवकाश होता. "गावात कलू देऊ नको. कललं तर म्हनतील धवलारीन येरी झाली, डोस्कं फिरलं, आनि दुसरीला सुपारी देतील. मंजुलाची हलद दुसरी कुनी गायली, तर मी जिती असून मेली." मग म्हणाली, "तोंडं जाऊंदेत. हात तर हायेत. तू हात ओलखतंस ना?"

तिच्या डोक्यातून निघालेली युक्ती अशी. गावातल्या प्रत्येक बाईला मी वेगळ्या बांगड्या भरायच्या, आणि पुन्हा भरताना त्याच भरायच्या. रंग लांबून दिसतो, आणि काच जवळ आली की आवाज करते. मी माळा चाळून ठरवून टाकलं. शेजारच्या जनीला लाल टिकलीच्या, जाड काचेच्या, तिच्या बोलण्यासारख्या दणकट. लक्षीला निळ्या, पातळ, किणकिणणाऱ्या. पांडूची चुलतबहीण हिरा, तिला पिवळ्या. मंजुळेला मोरपंखी. अशी अख्खी आळी मी रंगवून काढली. आणि विधवा बायका कशा ओळखणार, म्हणून विचारलं तर गोमीआय म्हणाली, "त्यांचे हात मुके असतान. मुका हात आला की मी त्यांच्या चालीकरं बघंन. माजाच हात हाय त्यो."

रंग तिच्या लक्षात राहण्याची मला काळजी होती. तिला नव्हती. तिनं दुपारभर बसून एक धवलाच बांधला:

लाल टिकली ती जनी गो, निल्या पान्याची लक्षी,
पिवली बांगरी हिराची, मोरपंखी माजी पक्षी.

असा तो लांबत जायचा. जात्यावर बसली की गुणगुणायची. दोन पावसाळे ही युक्ती निर्वेध चालली. मधल्या लग्नांत एकही नाव चुकलं नाही. कुणी बाई म्हणाली की मामा, या खेपेला दुसरा रंग द्या, की मी तिला तिचा रंग तिला कसा खुलतो ते इतकं रंगवून सांगायचो की ती गप्प बसायची. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, माझ्या जिभेची कमाल बघ, अख्खं गाव मी म्हणेन तो रंग घालतं. बायको म्हणायची, हं. तिच्या 'हं'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

मग मंजुळेचं लग्न ठरलं. नवरा द्रोणागिरीच्या पायथ्याच्या गावातला, मुलगा चांगला. हळदीच्या सकाळी मी नव्या हिरव्या माळा घेऊन हजर झालो. लग्नघरी सगळ्या बायकांना हिरवा चुडा भरायचा, ही रीत. ओटीवर रांग लागली. पहिलीच जनी. मी तिच्या लाल बांगड्या उतरवायला लागलो तर ती म्हणाली, "मामा, एक लाल राहू दे की. कराला, टोकाला एक."

"काय बोलतेस जने," मी म्हटलं, "हिरव्या चुड्यात लाल बांगडी म्हणजे भातात खडा. लोक काय म्हणतील? बेलापूरच्या कासाराला रीत माहीत नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे बघत असावी, माझी नजर मनगटावर होती. मागून लक्षी आली, तीही हळूच म्हणाली की एक निळी ठेवा. हिरा म्हणाली, पिवळी. मला रागच आला. आज लग्नाच्या दिवशी या बायकांना काय झालंय? मी एकेकीला भाषण देत, जुन्या बांगड्या एकूण एक उतरवल्या आणि कोपरापर्यंत हिरवे हात करून सोडले. बाहेर उन्हात सगळ्या जणी उभ्या राहिल्या तेव्हा भाताचं शेत वाऱ्यावर हलतंय असं दिसत होतं. मी मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली. माझी बायकोही आमंत्रणावरून आली होती. शेजारणीच्या सोन्याच्या पाटल्या मागून घातलेल्या, आणि त्यांच्यामागं हिरवा चुडा, जो तिनं नेहमीप्रमाणे घरी स्वतःच भरला होता. पंचक्रोशीतल्या बायकांचे हात मी भरले, एक माझ्याच बायकोचा कधी भरला नाही. तिचं म्हणणं, माझी बडबड घरात फुकट ऐकायला मिळते, त्यासाठी हात कशाला द्यायचा.

तिसऱ्या प्रहरी नवऱ्याकडून उष्टी हळद आली. बरोबर विहीणबाई आणि बघायला आलेल्या त्यांच्याकडच्या बायका; हळद लावण्याचा मान त्यांच्यात विहीणबाईंचा. मंजुळा पाटावर बसली. ढोल सुरू झाला. गोमीआयनं डोळे मिटून देवांची नावं घेतली, ग्रामदेवता, खाडी, मिठागर, वाडवडील. आवाज असा की ढोलवाल्यानं हात हलका केला. मग पहिली बाई हळद घेऊन पुढं आली आणि गोमीआयनं डोळे उघडले.

समोर हिरवा हात. त्याच्या मागं हिरवा हात. मांडवभर हिरवे हात.

ती देवांच्या कडव्याकडे परत गेली. पाहुण्यांना वाटलं, नातीचं लग्न, भक्ती दाटून आली. पुन्हा डोळे उघडले, पुन्हा देव. तिसऱ्यांदा देव आले तेव्हा नवऱ्याकडच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुढं आलेल्या बाईच्या हातातली हळद सुकायला लागली. धवलारीण थांबत नसते. गोमीआयचं बोट या हिरव्या हातावरून त्या हिरव्या हातावर जाताना मला मेढीपासून दिसलं, आणि मग माझ्या डोक्यात, फार उशिरा, एक हिरवा उजेड पडला.

मी काही करायच्या आत तिनंच केलं. त्याच चालीत, एक सूर न चुकवता:

कासाराला बोलवा गो, कासाराला बोलवा,
हात ज्यानं केलं हिरवं, त्याला जवल बसवा.

पाहुण्या बायकांना वाटलं, ही जुनी चाल असेल, आपल्याला ठाऊक नसलेली. करावेच्या दोघीतिघींनी मला ओढत नेलं आणि गोमीआयच्या गुडघ्याशी बसवलं. हळदीच्या बायकांत एक पुरुष, तो मी. ती वाकून म्हणाली, "नावं सांग."

मग आम्ही दोघांनी ती हळद लावली. हात पुढं यायचा, मी मनगट बघायचो आणि पुटपुटायचो. अंगठ्याखाली भाजल्याची खूण, लक्षी. आखूड करंगळी, हिरा. गोंदणातला विंचू अर्धा पुसलेला, जनी. मी नाव टाकायचो आणि ती त्याला माहेर, नातं, लेकरं जोडून असं उचलायची की मला वाटलं, हिला सगळं आधीच दिसत होतं. निम्मी हळद झाली. मला घाम फुटला होता आणि गर्वही वाटायला लागला होता. दुसऱ्याची काही गरज नाही, कासार आणि धवलारीण मिळून कुठलंही लग्न लावू.

तेवढ्यात एक हात आला, जो मी कधी हातात घेतला नव्हता. ठसठशीत पाटल्या, हात गोरटेला, मिठाची भेग नाही. पाहुणीचा हात. इतकं सोनं म्हणजे कोण असणार? मी ठामपणे म्हटलं, "विहीणबाई."

गोमीआयनं वर सूर लावला. आली आली विहीन गो, द्रोणागिरीची रानी. मागं म्हणणाऱ्या बायका थांबल्या. ढोलसुद्धा.

"मी तं हितं उभी हाय," दुसऱ्या बाजूनं जड आवाज आला. खऱ्या विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ही कोन?"

मी पहिल्यांदाच मनगटाच्या वर नजर नेली. वर माझी बायको होती.

तो क्षण फार वाईट होता. विहिणीचा मान दुसऱ्याच बाईला गेला होता, आणि तोही कासारणीला. गोमीआयचे हात मांडीवर पडले होते. आता कुणी एकानं जरी 'म्हातारीला काय झालंय' म्हटलं असतं, तरी सगळं संपलं असतं. बायकोनं हळदीची वाटी खाली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "विहीणबाई, राग माझ्या नवऱ्यावर काढा. नाव त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून घरात मी कोण ते विचारूनच जेवायला बसतात."

विहीणबाई आधी ओठ आवळून राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आणि गोमीआयनं संधी साधली. त्याच चालीत, माझ्या डोक्यावर हळदीचा पंजा मारून:

कासार आमचा येरा गो, बायकू त्याना ओलखं ना,
विहीन उभी मांडवान, मान तिला पोचं ना.

सगळ्या बायकांनी ते उचललं. विहीणबाई हसत पुढं आल्या आणि मानानं हळद लावून गेल्या. पुढची नावं मी सांगितली, पण आता माझ्या नावानं इतका गोंधळ चालला होता की एखादं चुकलं असतं तरी ते माझ्याच खात्यात पडलं असतं. मंजुळेची हळद आजीच्या तोंडून पुरी झाली. लग्नही झालं.

दुसऱ्या सकाळी मी उरलेला माल बांधत होतो. जनी आली आणि चारचौघींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मामा, काल सकाली मी काय बोलली व्हती?"

"एक लाल ठेवा म्हणालीस."

"कशाला बोलली? मना लाल बांगरीचं डोहालं लागलं व्हतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तोंडाकडे. मग हळूहळू मला बाकीच्या जणींचं हसू दाबलेलं दिसायला लागलं.

"तुला ठाऊक होतं?"

"गावान कुनाला ठावं नाय? दोन वरसं आमी एकच रंग घालतांव. मना लाल रंगाची शिसारी हाय, मामा. लगनाच्या आदीपासून. तुजी जीभ लय गोर म्हनून घालतांव काय?"

"आणि पांडूला?"

"पांडू रोज दारान येऊन खोकतो. त्याला काय खोकला हाय?"

मी माळेची गाठ मारली. मग विचारलं, "आयला ठाऊक आहे का, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे ते?"

"तसं तिला इचारायचं नसतं," जनी म्हणाली आणि हात पुढं केला. "आता भर. लालच भर."

मी लाल भरल्या. रीतीप्रमाणे तिनं मला नमस्कार केला. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी छाती झाली नाही. नजर मनगटावर ठेवायची शिस्त त्या दिवशी फार उपयोगी पडली.

त्यानंतर गोमीआयनं आणखी एखाददुसरं लग्न गायलं, तेही बायका आपापलं नाव मुद्दाम मोठ्यानं उच्चारत पुढं येत म्हणून. मग तिनं आपण होऊन थांबवलं. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं. आधी आवाज गेले, मग बांगड्यांचे रंग नुसते रंग राहिले. पांडू दारात खोकायचा आणि ती म्हणायची, पाहुन्याला पानी द्या. तो पाणी प्यायचा. खोकायचं मात्र त्यानं सोडलं नाही.

सत्तरीकडे झुकलेल्या सालातली शेवटची भेट सांगून थांबतो. मंजुळा बाळ घेऊन माहेरपणाला आली होती. मी ओटीवर बसून तिला मोरपंखी भरत होतो. गोमीआय खांबाला टेकून बसली होती आणि गुणगुणत होती. लाल टिकली ती जनी गो, निल्या पान्याची लक्षी. सगळा धवला, एक अक्षर न चुकता. लक्षी शेजारीच तांदूळ निवडत होती, तिच्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मंजुळा म्हणाली, "मामा, आजीशी बोला की. तुमच्याशी बोलली तर बोलंल."

मी बोललो. साबणाच्या पाण्यानं हात सैल करावा तसं आवाजाला गोड लावून बोललो. मुंबईचा डॉक्टर सांगितला, फूलवाला व्याही सांगितला, मचवा, ठिगळ, मिठागर, हळद, विहीणबाई, माझी बायको, सगळं. मध्ये मध्ये स्वतःच हसलो. गोमीआय माझ्या तोंडाकडे बघत, अगदी लक्षपूर्वक, सगळं ऐकत होती. मला वाटलं, लागलं कुठंतरी. मी थांबलो तेव्हा तिनं आपले दोन्ही मोकळे हात पदराखाली घेतले.

"तू कोन त्या मना म्हायत नाय," ती म्हणाली, "पन येवरा बोलतंस म्हंजे कायतरी इकायला आलास. मना काय नको. जा."